मृत ओढ्याचा दाखला

राज्याच्या नव्या योजनेचा नियम सरळ होता. बांधकामासाठी ज्यानं एक ओढा बुजवला, त्यानं त्याच तालुक्यातला दुसरा मेलेला ओढा जिवंत करायचा. मुळशी तालुक्यातलं पहिलंच प्रकरण सरकारी अधिकारी शैलेशकडे आलं. त्यासाठी दाखवलेल्या रिहे गावच्या ओढ्यात बिल्डरनं साधी कुदळही मारली नव्हती, पण "योजना एकदा सुरू तर होऊ दे," असं वरून सांगणं आलं आणि शैलेशनं काम झाल्याचा दाखला तयार केला. आता गावच्या पाणी समितीची सही तेवढी राहिली होती.

समितीच्या सारजाबाई त्याच ओढ्यात भेटल्या. भर मे महिन्यात, पोटरीभर पाण्यात उभ्या राहून दर उन्हाळ्यासारखा त्या दोघी बायांबरोबर गाळ उपसत होत्या.

"मी तोंडी सांगतो, आजी. वाचायचा त्रास नको," शैलेश म्हणाला.

"मला येतंय वाचाया." पदराला हात पुसून त्यांनी कागद घेतला, सगळा वाचला आणि परत दिला. "बूट काढा, सायेब. हितं आत या आन् मोठ्यानं वाचा. या बायांना बी ऐकू द्या."

तो पाण्यात उतरला. "सदर ओढा गेली वीस वर्षे मृत..." एवढं वाचून त्यानं कागद खाली केला. पायांवरून गार पाणी वाहत होतं. बाया काम थांबवून बघत होत्या. कुणी हसलं असतं, तरी त्याला बरं वाटलं असतं.

"ऱ्हाऊ द्या," सारजाबाई हळूच म्हणाल्या. "खाली तुमी सही केलीच हाय की. आता माझी कशाला पायजे?"