भिंतीवरचा डबा

भिंतीवर काहीतरी टेकल्याचा आवाज आला, तेव्हा केरबा पातेल्यातला करपलेला भात खरवडत होता. तो मागच्या परसात आला. मधल्या पुरुषभर उंच भिंतीवर कडीचा डबा ठेवलेला होता. पलीकडून बांगड्या किणकिणल्या आणि पावलं लांब गेली.

अंबूबाई! दुसरं कोण असणार? धाकट्या भावाची, गुंडूची बायको. थोरल्या दिरापुढं कधी तोंड न उघडलेली.

केरबाचा हात डब्याकडं गेला आणि थबकला. वाटणीच्या वेळी गोठ्यावरून दोघा भावांचं इतकं वाजलं होतं की निम्मं गडमुडशिंगी गाव दारात गोळा झालं होतं. त्या भरात केरबानं सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "गुंड्या, इथनं पुढं तुझ्या हातचं पाणी जरी प्यालो, तर बाच्या नावाचा न्हाय!"

मग ही भिंत उठली. रागाचं म्हणाल, तर तो वर्षभरात निवला. पण शब्द मागं घ्यायचा कसा, हे काही या शहाण्याला उमगलं नाही. ज्या भावाला खांद्यावर घेऊन जोतिबाचा डोंगर चढला, त्याच्या दारावरून तो मान खाली घालून जायचा. त्या घराची चौकशीसुद्धा कुणाकडं करायचा नाही.

डबा मात्र अंबूबाईचा होता. तिच्याबद्दल तो काही बोललेला नव्हता. शिवाय पोटात कावळे ओरडत होते. लॉकडाऊन लागल्यापासून केरबाचं शिरोलीच्या फौंड्रीतलं भट्टीवरचं काम बंद होतं आणि लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली बायको, झुंबरबाई, तिकडंच अडकली होती. केरबानं डबा आत नेला.

आमटी खारट होती. भाकरी एका बाजूनं जळालेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची. तरी घास तोंडात गेला आणि केरबाला भरून आलं. अंबूबाईची भाकरी म्हणजे एके काळी गल्लीत नावाजलेली. रोगाच्या काळजीनं बिचारीचं चित्त थाऱ्यावर नसणार.

त्यानं झुंबरबाईला फोन लावला.

"अंबूनं दिला?" झुंबरबाईनं दोनदा विचारलं.

"मग? बांगड्या ऐकल्या की मी. पर मीठ लई पडलंय बघ."

"पडू दे. नावं ठेवू नका, गप खावा. आन् भांडं रिकामं परत धाडू नका."

"त्यात काय घालू? मला काय येतंय?"

"सांगते. आधी कांदा चिरा."

फोनवरून शिकलेलं पिठलं गुठळ्यांसकट भिंतीवर गेलं. दुसऱ्या दिवशी डब्यातून वांग्याची भाजी आली. भांडं रिकामं धाडायचं नाही, ही दोन्ही घरांना एकाच आईनं लावलेली सवय. मग डबा थांबायचं काही नावच घेईना.

केरबाच्या पिठल्यातल्या गुठळ्या गेल्या. खर्डा असा जमायला लागला की वाटताना त्याचे त्यालाच ठसके लागायचे. भट्टीच्या धुराचा जुना खोकला मात्र थांबला. पलीकडचं मीठही ताळ्यावर आलं, भाकरी गोल झाली, एकदा तर चक्क टम्म फुगलेली आली. गुंडूच्या गच्चीवर अंबूबाईचं हिरवं लुगडं वाळताना दिसलं की केरबाला बरं वाटायचं. घरात बाईमाणूस आहे, म्हणजे आपल्यासारखे भावाचे तरी हाल नाहीत.

एका सकाळी पलीकडं भांडं आदळलं. "आई गं!" गुंडूचा आवाज.

केरबा भिंतीशी धावला. 'काय झालं रं?' एवढंच विचारायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच अडले. थोड्या वेळानं डबा आला, नेहमीसारख्या बांगड्या वाजल्या. म्हणजे फार लागलं नसणार. पण त्या दिवशी केरबाला घास गोड लागला नाही.

त्याला एकच धास्ती होती. अंबूबाई हे चोरून करत असणार. गुंडूला कळलं तर डबा बंद होईल, आणि भावाच्या घराकडं जाणारी एवढी एकच वाट, तीही बुजेल.

मृग सरला. गाड्या सुरू झाल्या. झुंबरबाईचा निरोप आला, उद्या निघते. त्या दिवशी केरबानं शेवयांची खीर केली. ती भिंतीवर ठेवायला गेला आणि थांबला. बायको आल्यावर डबा थांबला तर? भिंत तेवढी उरेल. नाही, आज पुढच्या दारानं जायचं. अंबूबाईला सांगायचं आणि तिच्या आडून का होईना, गुंडूची माफी मागायची.

भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच तो त्या दारात गेला. तिथं एक रिक्षा उभी होती. अंबूबाई तांदळाचं बोचकं घेऊन खाली उतरत होती. केरबाला बघून तिनं लगबगीनं पदर डोक्यावर घेतला.

"अंबूबाई," केरबानं डबा पुढं केला, "तुझ्या हातचं खाऊन जगलो बघ. गुंडूला सांग, त्यो माझा शब्द काय खरा नव्हता. तुटलं ते माझ्यामुळं तुटलं."

अंबूबाई गोंधळून त्याच्या हातातल्या डब्याकडं बघत राहिली. मग कधी नव्हे ती थोरल्या दिराशी बोलली.

"माझ्या हातचं? भावजी, मी शिमग्याला राधानगरीला माहेरी गेले, ती आत्ता येतीया." तिची नजर वर गच्चीकडं गेली. "आन् अगंबाई, माझं पेटीतलं लुगडं ह्यांनी दोरीवर कशाला घातलंय?"