विस्तव मागायला

शरदचंद्रांनी आपल्या दोन्ही मोठ्या बॅगा वरच्या मजल्यावरच्या सुकन्याला देऊन टाकल्या, आणि त्याच संध्याकाळी ती काडेपेटी मागायला आली.

तुळशीची कुंडी शेजारणीकडे गेली होती. घर सोडत असल्याची जर्मन नोटीस, क्युंडिगुंग, टपालात पडली होती. शुक्रवारी निघायचं पक्कं होतं. भारतात परत जातोय, सोडायला कुणी येऊ नका, असं त्यांनी मराठी मंडळात सगळ्यांना बजावलं होतं. मार्चमध्ये पत्नी ऊर्मिलाबाई गेल्या आणि उंटरश्लाइसहाइमच्या त्या घरात त्यांना करमेनासं झालं. भावाला लिहिलेलं पत्र तेवढं टेबलावर, दिव्याखाली ठेवलेलं होतं.

आणि मध्येच ही पोरगी! सुकन्या पावरा, धडगावकडच्या पाड्यावरची, गार्चिंगच्या विद्यापीठात पीएचडी करणारी. दुसऱ्या दिवशी साडेचारला, नोव्हेंबरचा अंधार पडता पडता, पुन्हा टकटक. बेल असून टकटक. मीठ हवं होतं. तिसऱ्या दिवशी सुई. आत मात्र यायची नाही. उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या खांद्यावरून घरात बघत राहायची, मागे कुणी उभं असल्यासारखं. शरदचंद्रांना राहवायचं नाही. मग ते वळून बघायचे. मागे कुणी नसायचं.

सुपरमार्केट समोर आहे की गं, ते एकदा म्हणाले. त्यावर तिने सांगितलं, आमच्या पाड्यावर विस्तव रोज शेजारून मागून आणायचा, घरात असला तरी. आजी म्हणायची, मागितला की तिकडची चूल विझत नाही. आणि जाता जाता, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाली, "माझ्या भावाने जीव दिला. त्या वर्षी त्याच्या दारी कुणी गेलं नव्हतं."

शरदचंद्रांना पोरगी त्याच वाटेवर दिसत होती. मंडळातला हरीश अडल्यानडल्यांचे फोन घ्यायचा. त्यांनी त्याला गाठून पोरीचं सांगितलं. हरीशने आधी, तुम्ही कसे आहात, असं विचारलं. माझं सोड रे, म्हणाले. तिला सरळ विचारलंत का, हरीश म्हणाला. असं कसं विचारायचं बाबा कुणाला, म्हणाले.

"मग दार उघडत राहा, काका," हरीश म्हणाला. "रोज."

शुक्रवार पुढे ढकलला. मग पुढचाही. आपली हरवते म्हणून तिने जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवली. आता ते चारपासूनच दाराशी कान लावून बसत. काय मागेल सांगता येत नाही म्हणून साखर आणून ठेवली, दोरा आणून ठेवला. कित्येक महिन्यांनी कुकर लावला आणि तिलाही डबा दिला. चिडचिडही व्हायची. हिच्यापायी आमचं जाणं अडलं, असं स्वतःशीच पुटपुटायचे.

तिसऱ्या मंगळवारी टकटक झाली नाही.

पावणेपाच झाले. पाच झाले. फोन लागेना. शरदचंद्र दुखरे गुडघे विसरून जिना चढले. दोनदा हाक मारली आणि किल्ली लावली.

आत कुणी नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर सगळं ओळीने मांडलेलं होतं: काडेपेटी, मीठ, सुई, साखर, दोरा. डबा तेवढा धुऊन पालथा घातलेला. बाकी एकाही वस्तूला हात लागलेला नव्हता. जमिनीवर मधोमध त्यांच्या दोन बॅगा, उघड्या, रिकाम्या.

आपल्याला उशीर झाला, असं त्यांना वाटलं. ते मटकन खाली बसले आणि रडू लागले.

जिन्यात धावती पावलं वाजली. सुकन्या धापा टाकत दारात आली. गाडी बोगद्यात अडकली होती, फोनला रेंज नव्हती.

शरदचंद्रांनी डोळे पुसले. "खरं सांग पोरी. जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि उघड्या बॅगेवर हात ठेवला.

"हाच प्रश्न तुम्हाला विचारायला मी पंधरा दिवस धीर गोळा करतेय, काका. भारतात निघालेला माणूस बॅगा देऊन टाकत नाही."