रेकॉर्ड उलटणारी

“आई, आता सारखं उठायला नको तुम्हाला. सीडी तासभर वाजते,” सूनबाई म्हणाली.

“बरं झालं हो, रिकामटेकडी केलीस मला!”

यांचे गुडघे धरल्यापासून रेकॉर्ड मीच उलटायची. “अगं, बाजू संपली!” अशी हाक आली की पोळी तव्यावर तशीच टाकून धावायची. सुईला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

आता हे डोळे मिटून म्हणतात, “काय स्वच्छ आवाज! गुणाची गं सूनबाई.” त्या मेल्या चकतीला दुसरी बाजूच नाही, मग मला कोण हाक मारणार?

आज सूनबाई बाजारात गेल्यावर मी गुपचूप बटण दाबून गाणं बंद केलं आणि स्वयंपाकघरात पळाले.

बाहेरून हसरी हाक आली, “अगं, सीडीची बाजू संपली बघ!”