कावीळ

“ते आजच्या आज काढ,” वकीलीण म्हणाली. समोरच्या चहाला तिनं हातसुद्धा लावला नव्हता.

चष्म्याच्या दुकानामागच्या छोट्या खोलीत भिंगवाली गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. दुपारी दुकान रिकामं असतं, म्हणून दोघी मैत्रिणी मुद्दाम याच वेळी आल्या होत्या. वकीलीण तपासणीच्या खुर्चीत बसली होती, मास्तरीण दाराशी स्टुलावर. भिंगवाली उभीच होती. हातातली काच पुसत होती. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

कॉलेजच्या दिवसांत एका खोलीत चौघी राहायच्या. चौथी गेल्या वर्षी गेली. काविळीनं गेली, असं तिच्या आईनं सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते या तिघींना ठाऊक होतं. दारूनं तिचं यकृत खाल्लं होतं.

भिंगवालीची स्वतःची एक वेबसाइट होती. डोळ्यांची निगा, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती, असलं काहीबाही ती तिथे लिहायची. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मागच्या आठवड्यात मात्र तिनं मैत्रिणीवर लिहिलं. पाण्याच्या बाटलीतून कामावर नेलेली दारू. थरथरणाऱ्या हातांसाठी रोज नवी सबब. आणि पिवळे पडत चाललेले डोळे. ते डोळे याच खोलीत आपण बॅटरी लावून पाहिले, आणि काही न बोलता चष्म्याचा नंबर तेवढा लिहून दिला, हेही तिनं लिहिलं. ते पान बघता बघता सगळीकडे फिरलं.

“मी तिचं नाव कुठंही लिहिलेलं नाही,” भिंगवाली म्हणाली.

“नाव कशाला हवंय? बँकेतली नोकरी, गालावरचा तीळ, हसताना टाळी मागायची सवय. माझ्या नवऱ्यानं दोन ओळी वाचून विचारलं, तुमच्या खोलीतलीच ना ही?”

“कुणीतरी खरं बोलायला नको का?”

“तुझं खरं तू बोल. तिची झाकली मूठ तू कशाला उघडतेस?”

मास्तरीण खालच्या आवाजात म्हणाली, “ती असती तर नको म्हणाली असती गं. आता तिला नको म्हणता येत नाही. आणि काकू? त्यांनी जगाला कावीळ सांगितलीय. त्या हे वाचतील तेव्हा काय होईल त्यांचं?”

वकिलिणीशी भिंगवाली तास न् तास भांडू शकली असती. आता मात्र तिनं हातातली काच खाली ठेवली.

घरी येऊन तिनं ते पान उघडलं. आधी तीळ काढला. मग बँक काढली. मग टाळी. उरलं ते वाचून पाहिलं, तर ती कुणीही असू शकली असती. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तिनं अख्खं पानच काढून टाकलं आणि दोघींना कळवलं. वकिलिणीनं लगेच अंगठा पाठवला.

काढल्यावर बरं वाटेल अशी तिची समजूत होती. वाटलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये तिनं डावी काच उजवीकडे बसवली. दुसऱ्याला चुकीचा नंबर सांगितला. घरी स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून परत आत, अशा तिच्या येरझाऱ्या बघून नवरा वैतागला.

“लिहिलंस तेव्हाही डोळ्याला डोळा नाही. आता काढलंस तरी तेच. माणसानं करायचं तरी काय?”

आठवडा संपता संपता काकू दुकानात आल्या. एकट्याच. काउंटरवरच्या मुलीशी न बोलता सरळ मागच्या खोलीत आल्या आणि तपासणीच्या खुर्चीत बसल्या. भिंगवालीनं दार लोटून घेतलं.

“शेजारणीच्या सुनेनं मला फोनवर दाखवलं होतं,” काकू म्हणाल्या. “रोज दुपारी तिच्याकडे जाऊन वाचून यायचे. चार दिवस झाले, उघडत नाही.”

“काढलं मी ते, काकू. चुकलं माझं.”

“कोण म्हणालं चुकलं?”

काकूंनी पदरानं चष्मा पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

“कावीळ, कावीळ म्हणत मीच सगळीकडे सांगत फिरले. तेरा दिवस घरात माणसं येत होती. एक जण मुळ्याचा रस सांगून गेला, एक जण झाडपाल्याचं औषध. मेलेल्या पोरीला औषधं! पण तिच्याविषयी कुणी बोललं नाही. कसं बोलणार? मीच वाट बंद केली होती. तू लिहिलंस त्यात ती होती. पीत होती, खोटं बोलत होती, पण होती.”

“आमची मास्तरीण म्हणते, तिला विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती.”

“म्हणालीच असती. ती डॉक्टरलाही नकोच म्हणाली होती. तेव्हा आपण सगळ्यांनी तिचं ऐकलं.”

बाहेर कुणीतरी चष्म्याच्या दांडीचा भाव विचारत होतं. काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

“परत लाव ते,” त्या म्हणाल्या. “आणि ‘एक मैत्रीण, एक मैत्रीण’ काय लावलंस? माझ्या मुलीला नाव होतं. ते घाल.”