कुंडीतला पापुद्रा

शलाकाने बाल्कनीतल्या कुंडीत खुरपं घातलं आणि उन्हाळ्यात पुरलेलं पाकीट शोधलं. लाडवांसाठी तिनेच डिझाइन केलेलं ते पाकीट ‘मातीत मिसळणारं’ म्हणून नावाजलं गेलं होतं. आज संध्याकाळी शहरातले डिझायनर ‘कुजेल तेच वापरू’ अशी पर्यावरणाची शपथ घेणार होते आणि पहिली सही तिची होती.

कागद खरोखरच नाहीसा झाला होता. त्याच्या आतला पारदर्शक पापुद्रा मात्र अखंड निघाला. गांडुळं त्याला वळसा घालून गेल्याच्या खुणा मातीत दिसत होत्या. त्यांना कसं कळलं असेल, असं तिला आधी वाटलं. वाईट नंतर वाटलं.

“खतप्रकल्पाच्या उष्णतेत कुजतं ते,” भागीदार हेरंब दारातून म्हणाला. “तुझ्या कुंडीत कसं कुजेल?”

“लाडू खाणाऱ्यांच्या घरी खतप्रकल्प असतो?”

“शपथेत कुंडीचा उल्लेख नाही, बाई. सही कर. लाडूवाले त्यावरच नवी ऑर्डर देणार आहेत.”

संध्याकाळी समारंभात तिने धुतलेला पापुद्रा शपथेच्या कागदावर पसरला. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. तिने त्यावरच पेन टेकवलं. शाई थेंब होऊन घरंगळली.

“याच्याऐवजी काय लावायचं ते सापडलं की येते सही करायला,” ती म्हणाली.

रांगेत तिच्या मागे असलेल्या डिझायनरने पापुद्रा उचलून दिव्यासमोर धरला. “आम्हीही हाच वापरतो,” तो हळूच म्हणाला आणि त्याने आपल्या पेनाला टोपण लावलं.