हास्केलसाहेबांची फाईल

"मूळ फोन कुठे आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वॉल्टर हास्केल ऐटीत उठले. फ्रेस्नो शहराच्या कोर्टात एकतीस वर्षं वकिली केलेले गृहस्थ. 'आपल्याला बुवा ते कम्प्युटर-बिम्प्युटर कळत नाही', हे चारचौघांत मिरवायचे. आलेली ईमेल सेक्रेटरीने छापून द्यायची, साहेब त्याच कागदावर पेनने उत्तर खरडणार, मग तिने ते टाइप करून पाठवायचं. कागद फाईलला. ती जाडजूड फाईल आत्ताही पुढ्यात होती.

"युअर ऑनर, मेसेजच्या प्रिंट आम्ही दिल्यात की!"

"असल्या प्रिंट कुणीही घरी बसून काढेल," वृद्धाश्रमाची वकील म्हणाली.

हास्केलांशेजारी त्यांची अशील नोरीन अवाकियन बसली होती. ती त्याच वृद्धाश्रमात नर्स होती. म्हाताऱ्यांची कूस कुणी बदलत नाही, पाठी सडल्यात, अशी ओरड केली म्हणून तिला काढलं. 'तोंड उघडलंस तर नोकरी गेली समज', हा सुपरवायझरचा मेसेज, एवढाच तिचा पुरावा. तो जुन्या फोनमध्ये होता, आणि तो फोन दुकानात देऊन तिने नवा घेतला होता.

"फोन जपून ठेव, असं तुम्ही सांगितलं होतं का?" न्यायाधीशबाईंनी हास्केलांना विचारलं.

"म्हणजे काय! सांगितलं होतं ना," हास्केल म्हणाले. जीभ अडखळली नाही मेल्याची. "बाई साधी आहे हो. मला न विचारता देऊन बसली."

नोरीनने सरळ त्यांच्या फाईलमध्ये हात घातला. हास्केल "अगं, अगं" करेपर्यंत एक कागद पुढे गेलाही होता. तिचीच ईमेल, मार्चमधली: 'जुना फोन दुकानात दिला तर चालेल ना?' खाली निळ्या शाईत साहेबांचं वळणदार अक्षर: 'खुशाल दे. प्रिंट आहेत ना!'

न्यायाधीशबाईंनी तो दोनदा वाचला.

"मिस्टर हास्केल, वकील मंडळाला मी स्वतः कळवणार आहे." मग त्या नोरीनकडे वळल्या. "तुमची चूक नाही. पण फोनशिवाय हे मेसेज मला पुरावा म्हणून धरता येत नाहीत."

बाहेर आल्यावर हास्केलांनी घाम पुसला. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं. अपील करू. तुझं काय म्हणणं असेल ते मला लेखी कळव."

"कळवलं होतं," नोरीन म्हणाली.