बारा घड्यांचा ड्रॅगन

आठव्या घडीपर्यंत ईश्वरी कधी चुकत नसे. नवव्या घडीला पंख वर काढायचा असतो. ईश्वरी तो खाली दाबायची आणि कागद बापाकडे सरकवायची.

"येत न्हाई."

"अगं, आत्ता तर दाखवलं. हितं बोट ठिव, हितून उचल. बघ."

सोमेश्वर पुन्हा दाखवायचा. तेलगावात त्याचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याआधी तिच्या खाचांत जाड कागद दुमडून बसवावा लागतो. त्यातलाच कागद चौकोनी कापून तो आणायचा. ड्रॅगन त्याने मोबाइलवर बघून शिकला होता. लहान मुलांसाठी, सोपा, बारा घड्या.

बीडच्या कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत महिन्यातून दोन शनिवारी, अकरा ते बारा, बापलेकीची भेट व्हायची. अशा सहा भेटी ठरल्या होत्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी समुपदेशक नाजिया मॅडम बसायच्या. सहाव्या भेटीनंतर त्यांचा अहवाल जाणार होता. मुलगी बापाजवळ रमते असं त्यात आलं, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस ती तेलगावला राहणार होती. नाही आलं, तर या भेटीही बंद होऊ शकतात, हे वकिलाने सोमेश्वरला आधीच सांगून ठेवलं होतं.

नाजिया मॅडम अकरा वर्षं हे काम करत होत्या. दिसेल तेवढंच लिहायचं, वाटेल ते लिहायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तिसऱ्या भेटीला त्यांनी लिहिलं, "मुलगी सारखी घड्याळाकडे पाहते." चौथ्या भेटीला लिहिलं, "तीच चूक, त्याच ठिकाणी. बाकी घड्या स्वच्छ आहेत, पण वडिलांनी शिकवलेलं पुढे जात नाही."

बाहेरच्या बाकावर ईश्वरीची आई सत्यशीला आणि आजोबा बद्रीनाथ बसून असत. बारा वाजता दार उघडलं की बद्रीनाथ आधी नातीच्या रिकाम्या हाताकडे बघायचे.

"आजबी न्हाई का झालं?" ते म्हणायचे. "जावईबापू, मोटार भरल्यावानी पोरगी भरता येत न्हाई."

"तुमी नका शिकवू मला," सोमेश्वर म्हणायचा.

"आमी कशाला शिकवू? शिकवायला तुमी हाव की. दोन महिनं झालं, एक कागद दुमडंना."

सत्यशीला मुलीची चप्पल सरळ करून पुढे ठेवायची.

पाचव्या भेटीला सोमेश्वरचा तोल गेला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तेलगावची एसटी उशिरा लागली होती, आणि ईश्वरीने सलग सातव्यांदा पंख खाली दाबला होता.

"कावून ध्यान देईनास गं? कुठं हाय लक्ष तुझं?" त्याने टेबलावर हात आपटला. "बालवाडीतलं लेकरू करतंय हे."

ईश्वरीने खालचा ओठ दाताखाली धरला. मग गठ्ठ्यातून नवा कागद ओढला आणि पहिल्या घडीपासून सुरुवात केली.

नाजिया मॅडमनी "मुलगी घाबरली" असं लिहिलं, आणि ते खोडून लिहिलं, "मुलीच्या डोळ्यांत पाणी."

सहाव्या भेटीला सोमेश्वर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. पिशवीत चित्रांचं पुस्तक आणि रंगांची पेटी होती.

"ते ड्रॅगन राहू दे," तो हळू आवाजात म्हणाला. "माझंच चुकलं. आज चित्र रंगवू आपण. लई सोपं हाय."

"न्हाई," ईश्वरी म्हणाली. "हेच."

"आगं, येत न्हाई ना तुला ते?"

"न्हाई येत. हेच."

तासभर तेच चाललं. बारा वाजता टेबलावर नऊ अर्धवट कागद होते. सोमेश्वरने ते एकावर एक ठेवले आणि रंगांची पेटी न उघडताच परत पिशवीत घातली.

अहवाल बुधवारी गेला. सहा भेटींत बापलेकीत संवाद वाढला नाही, मुलगी नव्या गोष्टीला तयार होत नाही, एकदा वडिलांचा आवाज चढला, असं त्यात होतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आठवड्याने आदेश आला. भेटी तूर्त थांबवाव्यात.

आदेशाची प्रत घ्यायला सत्यशीला आली तेव्हा शाळेला सुट्टी होती, म्हणून ईश्वरीही बरोबर होती. नाजिया मॅडमनी सही कुठे करायची ते दाखवलं.

"मॅडम," ईश्वरीने विचारलं, "आता पप्पा कोणत्या शनिवारी येणार?"

"आता नाही येणार, बेटा. तुला फार त्रास होत होता ना त्याचा?"

सत्यशीलाने सही करता करता मान वर केली. "तिला कोर्ट ठाऊकच न्हाई, मॅडम. गल्लीत बोलून बसली तर लोक नावं ठेवतील. पप्पाचा क्लास हाय असं सांगूनच आणत होते मी तिला."

ईश्वरीने टेबलावरच्या ट्रेमधून एक कोरा कागद घेतला. लांबडा होता, तिने एक कोपरा दुमडला, उरलेली पट्टी जिभेने ओली करून फाडली आणि चौकोन केला. मग बोटं भराभर चालली. नवव्या घडीला पंख वर आला. दहावी, अकरावी, बारावी. मिनिटभरात तिने ड्रॅगन मॅडमपुढे ठेवला.

नाजिया मॅडमनी ड्रॅगन उचलून हातात घेतला. "कधी शिकलीस हे?"

"पहिल्याच शनिवारी आलतं," ईश्वरी म्हणाली. "पण आलं म्हणलं की क्लास संपतो ना."